ब्रिक्स चढला म्हणजे साखर वाढली का?



रसात हायड्रोमीटर सोडला की जो आकडा दिसतो, तो ब्रिक्स. १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम पदार्थ विरघळलेले आहेत, एवढेच तो सांगतो. रस दाट, तर हायड्रोमीटर वर तरंगतो.

इन्सुलीकडचा दाखला घेऊ. मोसमात तिथे काजूचे बोंडू. नाक्यापलीकडे गोव्यात त्याच रसाची फेणी होते. रस आंबला की साखरेचे मद्यार्क बनते. ते पाण्याहून हलके, म्हणून हायड्रोमीटर खाली बुडत जातो. आकडा उतरला की साखर सरत आली, असे समजावे.

उसाचे मात्र एवढे सरळ नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्यातले पाणी उडते, रस दाट होतो आणि ब्रिक्स चढतो. आपल्याला वाटते, ऊस गोड झाला! पण आतले सुक्रोज फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्यांचा दाणा बांधत नाही. ती मळीत जातात. उसाचे वजन घटते ते वेगळेच. म्हणजे काट्यावर आपले नुकसान आणि उताऱ्यात कारखान्याचे. कारखाना तरी कुणाचा? आपलाच.

म्हणून आम्ही सांगतो : उभ्या उसाच्या बुडख्याच्या व शेंड्याकडच्या कांडीचा ब्रिक्स तपासा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व झाला. रस तापलेला नसावा, नाहीतर आकडा कमी दिसतो. आणि तोड झाली की २४ तासांत ऊस गाळपाला पोचवा.