रतिबाचे दूध आणि वैशाखाचा हिशेब

रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापाने, एकाच घरचे दूध दारात येणे आणि महिनाअखेर त्याचा हिशेब चुकता होणे, ह्यास आपण रतीब म्हणतो. सांगली शहराला हा प्रकार नवा नाही. कृष्णेवरील आयर्विन पूल १९२९ साली झाला. तेव्हापासून नदीपलीकडच्या सांगलीवाडी, डिग्रज ह्या बाजूच्या शेतकऱ्यांस शहरातील घरे जवळ आली. पूर्वी सायकलीस किटल्या अडकवून दूध येई, आता मोटारसायकलीस कॅन अडकवून येते, एवढाच फरक.

मोठे दुग्धव्यवसायही ह्याच जिल्ह्यात वाढले. भिलवडी येथे भास्कर गणेश चितळे ह्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला. पुढे गावोगाव सहकारी दूध संस्था निघाल्या आणि पिशवीतील दूध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. तरीही रतीब मोडला नाही. गिऱ्हाईकास त्याच दिवशीचे ताजे दूध मिळते आणि संकलन, शीतकरण, वाहतूक व दुकानदारी ह्यांवर जाणाऱ्या पैशातील काही भाग शेतकऱ्याच्या हाती राहतो. असा हा दोघांच्या सोयीचा व्यवहार असता तो दर दोन-चार वर्षांनी विटतो का, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता आमच्या घरी नदीपलीकडील एका शेतकऱ्याचे दूध अनेक वर्षे येत असे. एका चैत्रात घरातील मंडळींनी तक्रार केली की साय धरत नाही आणि विरजण सैल लागते. आम्ही दुधाचा मापक आणून पाहिला. आकडा फार खाली होता. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यास ओट्यावर बसवून विचारले. तो बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “भाऊसाहेब, म्हस आटत चालली. घरं अकरा हायती आन् दूध आठ घरांचं. कुनाला न्हाई म्हनू?”

आम्ही त्याच दिवशी रतीब बंद केला. आळीत बोलणे झाले आणि आणखी घरे सुटली. आषाढात त्याने ती म्हैस भाकड अवस्थेत, मिळेल त्या किमतीस विकली. त्याने लबाडी केली हे खरे. परंतु पुढे पुष्कळ दिवस एक गोष्ट आमच्या मनास टोचत राहिली. गावची पैसेवारी लावण्याच्या कागदांवर आमची उमर गेली. पीक पन्नास पैशांच्या आत आले तर सरकारदेखील साऱ्यात सूट देते, हे आम्ही नित्य लिहीत होतो. असे असून म्हशीचे पीक मात्र बारा महिने सोळा आणे यावे, अशी आमची अपेक्षा होती. तूट सांगण्यास आम्ही त्यास जागाच ठेवली नव्हती.

तूट का येते

रतीब ठरीव असतो, जनावर ठरीव नसते. सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. आपल्याकडील म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत माजावर येतात. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा, म्हणून त्या पुढील वर्षी श्रावण ते कार्तिकाच्या सुमारास वितात. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध भरास येते आणि मग हळूहळू उतरते. भाद्रपदात व्यालेली म्हैस वैशाखात आटत आलेली असते. त्यात उन्हाचा ताप आणि हिरव्या वैरणीचा तुटवडा. नेमक्या त्याच वेळी शहरात मुलांच्या सुट्या, पाहुणे, लग्ने आणि ताक ह्यांमुळे मागणी वाढते. दिवाळीत दूध भरपूर असते तेव्हा शेतकरी उत्साहाने नवी घरे धरतो. वैशाखात ती सर्व घरे त्याच्याकडे भांडे घेऊन उभी राहतात. मधली जागा पाण्याने भरली जाते.

पाण्याचा हिशेब

वरील उदाहरणाचाच आकडा मांडू. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्के व स्निग्धेतर घनपदार्थ ९ टक्के धरले आणि ८ लिटर दुधात ३ लिटर पाणी मिसळले, तर ११ लिटर मिश्रणात स्निग्धांश सुमारे ५.१ आणि इतर घनपदार्थ सुमारे ६.५ टक्के उरतात. स्निग्धांश गाईच्या दुधाहून अजूनही अधिक, म्हणून जिभेस ते दूध ‘बरे’ लागते. पण महाराष्ट्रात खरेदीचा दर ठरवताना गाईच्या दुधासही ३.५ स्निग्धांश व ८.५ इतर घनपदार्थ असे प्रमाण धरतात. त्या दुसऱ्या आकड्यापाशी चोरी उघडी पडते. लहान मुलास वाटीभर दूध दिले असे आई समजते, आणि त्यात पाव वाटीहून अधिक पाणीच असते. ते पाणी विहिरीचे की ओढ्याचे, हा प्रश्न वेगळाच.

मापकाविषयीही एक सूचना करणे अवश्य आहे. निर्भेळ दुधात मापकाचा आकडा साधारण २८ ते ३२ येतो. पाण्याने तो उतरतो. परंतु साय काढून घेतली तर तो चढतो. म्हणून साय काढून मग पाणी घालणाऱ्याचे दूध मापकावर निर्दोष दिसू शकते. शिवाय कोमट किंवा फेसाळ दुधात मापक खोटे बोलतो. केवळ मापकावर विसंबून कोणास चोर ठरवू नये व कोणास साव म्हणू नये. शंका आल्यास गावच्या दूध संस्थेत स्निग्धांश व इतर घनपदार्थ दोन्ही तपासून घ्यावेत.

रतीब किती धरावा

आमच्या मते नियम एकच आहे: रतीब वैशाखावर बांधावा, कार्तिकावर नव्हे.

समजा, एका शेतकऱ्याकडे दोन म्हशी आहेत. दिवाळीत दोहींचे मिळून रोज १४ लिटर दूध निघते आणि वैशाखात ८ लिटर. घरच्या मुलाबाळांस १ लिटर ठेवावे; ते अगोदर बाजूस काढावे, कारण घरचे दूध विकून चहा कोरा पिणारा शेतकरी फार दिवस व्यवहार सांभाळू शकत नाही. उरले ७ लिटर. तेवढाच रतीब बारमाही धरावा. दिवाळीतील जास्तीचे ६ लिटर दूध संस्थेत घालावे. संस्थेचा दर रतिबाहून कमी मिळतो, ही शंका रास्त आहे. परंतु ते सहा लिटर दिवाळीत जादा दराने विकण्याच्या मोहाने वैशाखात अकरा घरे गमावण्यापेक्षा हा तोटा फार थोडा. शिवाय संस्थेत दूध घालणाऱ्याच्या दुधाची तपासणी आपोआप होते. ती पावती रतिबाच्या गिऱ्हाईकास दाखवावी. तिच्याएवढी दुसरी जाहिरात नाही.

वैशाखाची तूट कमी करावयाची असेल तर जनावरांची विण्याची वेळ विभागून घ्यावी. म्हैस उन्हाळ्यात माज स्पष्ट दाखवीत नाही, म्हणून तिला माघ-फाल्गुनात विण्यास लावणे अवघड. गाईचे तसे नाही. संकरित गाय वर्षभर माजावर येते व तिचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. मे महिन्याच्या मध्यास भरवलेली गाय पुढील फेब्रुवारीत विते आणि ऐन उन्हाळ्यात भरात असते. दोन म्हशींच्या जोडीस अशी एक गाय असल्यास गोठा बारा महिने हलता राहतो. मात्र गाईचे दूध म्हशीच्या दुधात गुपचूप मिसळू नये. दोन किटल्या, दोन दर, आणि गिऱ्हाईकास स्पष्ट शब्द.

वही कशी ठेवावी

प्रत्येक घरास एक पान द्यावे. त्यात तारीख, सकाळ, संध्याकाळ, खाडा असे रकाने पाडावेत आणि तशीच एक वही गिऱ्हाईकाकडे असावी. खाडा कोणाचा हेही लिहावे. गिऱ्हाईकाने एक दिवस आधी कळवले तर खाडा धरावा. ऐन वेळी दार बंद असेल तर दूध दिले असे समजावे, हे प्रथमच ठरवून घ्यावे. नदीपलीकडच्या शेतकऱ्यास आणखी एक कलम लागते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत रस्ते पाण्याखाली गेले होते. अशा दिवसांचे पैसे मागू नयेत, आणि गिऱ्हाईकानेही त्या कारणाने रतीब तोडू नये.

ह्याखेरीज शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यासाठी एक पान ठेवावे. एका बाजूस धारेचे एकूण दूध. दुसऱ्या बाजूस रतीब, संस्था व घरखर्च. दोन्ही बाजू रोज जुळल्या पाहिजेत. वाटलेले दूध काढलेल्या दुधाहून अधिक दिसले, तर ती वाढ कोठून आली हे कारकुनास विचारण्याची गरज नाही. आणि दूध घटू लागले की तेच पान पंधरा दिवस आधी तसे सांगते. त्या पंधरा दिवसांत गिऱ्हाईकांकडे जाऊन, “पुढील महिन्यापासून लिटराऐवजी पाऊण लिटर मिळेल,” असे सांगता येते.

स्वच्छता आणि धारोष्ण दूध

आपल्या भागातील पंढरपुरी म्हैस लांब शिंगांसाठी व सहज पान्हा सोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. ह्याच गुणामुळे तिला गिऱ्हाईकाच्या दारी नेऊन धार काढण्याची चाल पडली; कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरील धारोष्ण दूध सर्वांस ठाऊक आहे. समोर धार काढल्याने पाण्याची शंका उरत नाही, हे खरे. तथापि पहिल्या धारेचे दूध पातळ व शेवटच्या धारेचे दाट असते. म्हणून सर्व धार एका भांड्यात काढून, ढवळून, फेस बसल्यावरच मापावे. नाहीतर पहिल्या गिऱ्हाईकावर अन्याय होतो.

धारोष्ण दूध कच्चे पिण्याची आवड पुष्कळांस असते. ती सोडणे इष्ट. क्षय व ब्रुसेलोसिस हे रोग कच्च्या दुधातून माणसास होऊ शकतात आणि जनावर वरून निरोगी दिसले तरी भरवसा नसतो. कारखान्यात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात ते ह्याचसाठी. रतिबाच्या दुधास हा संस्कार नसतो, तेव्हा घरी येताच ते नीट उकळावे.

शेतकऱ्याने कास धुऊन कोरडी करावी, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या टाकाव्यात, दूध स्वच्छ फडक्यातून गाळावे, किटली थंड पाण्यात ठेवावी आणि दोन-तीन तासांत घरोघर पोचवावी. रात्रीचे उरलेले दूध सकाळच्या दुधात मिसळू नये. कासदाह झालेल्या जनावरास औषध चालू असता, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही, त्याचे दूध रतिबास देऊ नये. तो खाडा वहीत लिहावा व कारणही सांगावे.

उपसंहार

आमच्या घरी पुढे दुसऱ्या एका शेतकऱ्याचा रतीब सुरू झाला. पहिल्याच दिवशी आम्ही त्यास म्हटले, “दूध कमी झाले तर कमी आण. दर तोच राहील, घर सुटणार नाही.” त्यानंतरच्या चैत्रात तो दीड लिटराऐवजी एक लिटर घेऊन आला आणि उंबऱ्यावर उभा राहून थोडा कचरला. आम्ही वहीत ‘एक’ लिहिले. घरातील मंडळींनी त्या महिन्यात ताक कमी केले. साय मात्र पूर्वीइतकीच जाड धरली.

जो शब्द आम्ही दुसऱ्या शेतकऱ्यास प्रथम दिवशी दिला, तो पहिल्यास दिला असता तर त्याची म्हैस बहुधा त्याच्याच दावणीस राहिली असती. शेतकरी बंधूंनी वैशाखावर रतीब बांधावा, आणि शहरातील बंधूंनी वैशाखाची तूट ऐकून घ्यावी, एवढीच आमची दोघांसही विनंती आहे.