श्वानाची कातडी व त्याचा आहार

टिटवाळ्यास महागणपतीच्या देवळाकडे जाताना केस झडलेली, अंग खाजविणारी कुत्री दृष्टीस पडतात. घरच्या कुत्र्याची अशी दशा झाली की ‘मांसाने उष्णता झाली’ असे म्हणून वडीलधारी मंडळी त्याचे मांस व अंडी बंद करितात आणि त्यास दूधपोळीवर ठेवितात. हा उपाय बहुधा उलटाच होय.

केस केराटिन नामक प्रथिनाचे बनतात. प्रथिन उणे पडले की ते निस्तेज होऊन गळतात. त्वचेस लिनोलिक अम्लही हवे. ते करडईच्या तेलात विपुल असते. शिवाय धान्याच्या कोंड्यातील फायटिक अम्ल जस्त अंगी लागू देत नाही, व जस्ताच्या अभावी डोळ्यांभोवती खपल्या धरतात. म्हणून भातात काटे काढलेली शिजली मासळी अथवा उकडलेले अंडे असावे. कांदालसणाचे कालवण मात्र नको. त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

तथापि प्रत्येक खरूज अन्नाच्या माथी मारू नये. गोचीड, पिसवा व खरजेचे किडे आधी पाहावेत. त्यासाठी पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तर फार जुने आहे.

किडे नसतील तर वैद्याच्या सल्ल्याने आठ आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेले एकच मांस व एकच धान्य द्यावे. मुलांनो, या अवधीत अंगारकीचा पेढासुद्धा वर्ज्य! खाज थांबल्यास जुने अन्न पुन्हा देऊन पाहावे. पंधरवड्यात खाज परतली, तर दोष त्या अन्नाचाच समजावा.