लोकांच्या तोंडची गाणी वाजव

बाय, बेंजो पार्टीत की-बोर्डवर तुला घेतलं हे ऐकून फार बरं वाटलं. शहापूर-मुरबाडकडे पार्टीत मुलगी दिसली की लोक आधी टकामका बघत बसतील. बघू देत. पाय हलायला लागले की कोण वाजवतंय ते कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

तू पाठवलेली गाण्यांची यादी वाचली. गाणी सगळी छान आहेत, पण ती तुझ्या आवडीची आहेत. हळदीला नाचणार आहे ती नवऱ्या मुलाची आत्या आणि शेजारची आजी. तेव्हा यादी करताना आधी त्यांचा विचार कर.

आपल्या पार्टीत बहुतेक वेळा गायक नसतो. आपण वाजवतो ती नुसती चाल, शब्द समोरच्यांनी भरायचे. म्हणून ज्या गाण्याचे शब्द मांडवातल्या लहानथोरांना येतात, तेच गाणं घ्यायचं. नवं गाणं मोबाइलवर कितीही गाजत असू दे, त्याचा मुखडा ऐकताच बायका गुणगुणल्या नाहीत तर ते अजून आपल्या कामाचं नाही.

आणखी एक गोष्ट वाद्याची. बेंजोचं मूळ जपानमधल्या नागोयाचं. १९१२ च्या सुमारास तिथे ताइशोगोतो नावाचं बटणांचं तंतुवाद्य निघालं, त्याचाच आपल्याकडचा अवतार म्हणजे बुलबुल तरंग आणि बेंजो. बटण दाबलं की ठरलेला सूर निघतो, मींड येत नाही आणि सूर लगेच विरतो. म्हणून तुटक, उड्या मारणाऱ्या सुरांची गाणी बेंजोवर खुलतात. लांब सुरांचं गाणं आलंच, तर ते सूर तू की-बोर्डवर धरून ठेवायचे. तुझं खरं काम तेच आहे, बेंजोवाल्याशी शर्यत लावू नकोस.

आता हळदीचा क्रम सांगते. सुरुवात देवाची, त्या घरचं कुळदैवत कोणतं ते आधीच विचारून ठेव. आगरी-कोळी घर असेल तर एकवीरेचं गाणं हवंच. मग जुनी कोळीगीतं घे. शांता शेळक्यांनी लिहिलेली, हृदयनाथांनी चाली लावलेली, लताबाई आणि हेमंतकुमारांनी गायलेली गाणी आजीलाही येतात आणि नातीलाही. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मधलं गोमूचं गाणं विसरू नकोस. ते दोघांचं गाणं आहे, एका बाजूने पुरुष आणि दुसऱ्या बाजूने बायका आपोआप म्हणू लागतात. म्हातारी माणसं नाचून खुर्चीत बसली की आगरी गाण्यांचा ठेका वाढवा. ‘झिंगाट’ अगदी शेवटी. सुरुवातीलाच ते वाजवलंत, तर पोरं अंगण बळकावतात आणि बायका घरात निघून जातात.

काही घरांत अजून धवलारीण बोलावतात. ती धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला बसली की बेंजो पूर्ण बंद, तारा लावण्याचा आवाजसुद्धा नको. त्या वेळी तो मान तिचा.

ठाकर-कातकरी पाड्यावर गेलात तर वेगळं भान ठेव. तिथे फेर धरून नाचतात, त्यांना एकच ठेका बराच वेळ हवा असतो. दर दोन मिनिटांनी गाणं बदललंत तर फेर तुटतो.

वरातीत चालायचंही असतं, म्हणून मध्यम लयीची गाणी घ्या. नाचाचं गाणं मारुतीच्या देवळापुढे किंवा मंडपाच्या दारात थांबल्यावर. हायवे लागला की ठेका बंद करून आधी रस्ता पार करायचा, कुणी कितीही आग्रह केला तरी.

काही गाणी मात्र वहीत घेऊच नकोस. दुअर्थी गाण्यावर पोरं शिट्ट्या मारतात, पण सुपारी द्यायची की नाही ते घरच्या बायका ठरवतात. आणि दोन्हीकडची मंडळी वेगवेगळ्या समाजाची असतील, तर एकाच समाजाचा जयघोष करणारं गाणं टाळ. दारू चढलेल्याने फर्माईश केली तर ‘पुढचं तुमचंच’ म्हणायचं आणि बोलायला पार्टीच्या मालकाला पुढे करायचं.

वेळेचं म्हणशील, तर ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावून वाजवता येत नाही. सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांसाठी. घरच्या हळदीने ती धरून चालू नये. म्हणून रंगाची गाणी साडेनवाच्या आत वाजवून घ्या. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, वरात तिथून गुपचूप काढा.

गाण्यांच्या हक्काची भीती कुणी घातली तर घाबरू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना मोकळीक आहे. रिसॉर्टवर तिकीट लावून कार्यक्रम असेल तर मात्र परवान्याचं आयोजकाला आधीच विचार.

पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरते, तेव्हा एकदा तिथे जा आणि नुसती ऐकत फिर. कोणत्या सुरावर गर्दीची मान हलते ते तिथे कळतं.

आता तुझं स्वतःचं. कानात बोळे घाल. १०० डेसिबलच्या आवाजात रोज पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कान उघडे ठेवणं धोक्याचं, आणि तू तर तासन्‌तास स्पीकरशेजारी उभी असणार. सुपारी ठरतानाच इसार घ्यायला लाव, आणि रात्री घरी सोडायची गाडीही त्याच बोलीत ठरवून घे. नंतर ‘कुणीतरी सोडेल’ हे चालणार नाही.

यादी पुन्हा कर, बाय. या वेळी गाणी निवडायला आईला आणि शेजारच्या काकूंना बसव. त्या जी गाणी अडखळत म्हणतील ती खोड, बाकीची तालमीला ने.