ठोकळ्यांच्या वर्गात पालकाचा हात

मुलासोबत आई किंवा वडिलांनीही बसावे अशी अट असलेल्या ठोकळ्यांच्या वर्गात खरी कसोटी लागते ती पालकाच्या संयमाची, कारण मुलाचे हात अडखळत असताना स्वतःचे सराईत हात आवरून बसणे बहुतेकांना जमत नाही, आणि तासाच्या शेवटी छायाचित्रासाठी पुढे केली जाणारी सुबक रचना पुष्कळदा पालकाचीच असते. हॅरिएट जॉन्सन या अमेरिकी शिक्षिकेने १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे जे टप्पे मांडले, त्यांतील ‘पूल’, म्हणजे दोन ठोकळ्यांमध्ये अंतर ठेवून त्यांवर तिसरा आडवा टेकवणे, हा टप्पा या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. मूल दोन ठोकळे उभे करते, मधले अंतर तिसऱ्याच्या लांबीहून जास्त पडते आणि आडवा ठोकळा खाली येतो. ते पुन्हा तोच ठोकळा त्याच अंतरावर ठेवून पाहते, मग कधी तरी एक खांब आत सरकवते किंवा पेटीतून लांब ठोकळा हुडकून आणते. अंतर आणि लांबी यांचा संबंध उमगतो तो याच खटाटोपात; पालकाने बोटाने खांब आत ढकलला तर पूल उभा राहतो, टाळ्याही पडतात, पण शिकायचे ते राहून जाते.

मदत करूच नये, असा याचा अर्थ नव्हे. शिकणाऱ्याला न पेलणारा भाग तेवढा दुसऱ्याने उचलायचा आणि त्याची समज वाढेल तसा हा आधार, बांधकामावरच्या परांचीप्रमाणे, काढून घ्यायचा, या पद्धतीला ‘आधाररचना’ म्हणता येईल. ही संकल्पना मांडणाऱ्या वूड, ब्रूनर व रॉस यांच्या १९७६ च्या अभ्यासातही मुलांपुढे लाकडी ठोकळेच होते: तीन ते पाच वर्षांच्या ३० मुलांनी २१ ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायचा होता. तीन वर्षांची मुले तोंडी सूचनांकडे बरेचदा दुर्लक्ष करीत, चार वर्षांच्यांना शब्दांनी दिलेली जाणीव उपयोगी पडे, तर पाच वर्षांच्यांना मुख्यतः आपले बरोबर आहे ना, एवढी खातरजमा हवी असे.

म्हणून पालकाने थोडे ठोकळे स्वतःपुढे घेऊन वेगळे काही रचत बसावे, हे सर्वांत सोपे. हात गुंतलेले राहतात आणि मुलाला हवाच असेल तर नमुनाही शेजारी असतो. रचना कोसळली की हळहळण्याआधी मुलाचा चेहरा पाहावा, कारण ती बरेचदा मुद्दाम पाडलेली असते. प्रवेश घेण्यापूर्वी मात्र एक तास नुसता पाहून यावा: सर्व मुलांकडून छापील चित्राबरहुकूम एकच प्रतिकृती करवून घेतली जात असेल, तर त्या पैशांत घरी साध्या लाकडी ठोकळ्यांची पेटी आणलेली बरी.