शाळेचा हजेरीपट आणि कारखान्याचा धूर

थंडी पडू लागली की वस्तीत घरोघरी तेच ऐकू येते. पोराला खोकला आहे, रात्री छाती वाजते, दोन दिवस शाळेत पाठवले नाही. आपण म्हणतो, हवा बदलली, सर्दी झाली. पुष्कळदा ते खरेही असते. पण शाळा किंवा कॉलेज कारखान्याच्या, वीज केंद्राच्या नाहीतर कोळसा खाणीच्या शेजारी असेल, तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आपले मूल दिवसाचे पाच-सहा तास कोणत्या हवेत बसते?

आपल्याकडचे उदाहरण चंद्रपूरचे. शहराला लागूनच औष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, जवळच्या घुग्घुसला सिमेंट आणि स्पंज आयर्न. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात ४३ क्षेत्रे ‘अतिप्रदूषित’ ठरली. चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशात त्याचा क्रमांक चौथा लागला. या गुणांत हवेबरोबर पाणी आणि जमीनही धरली होती. अशा भागात कारखान्याच्या भिंतीपलीकडे वस्ती असते आणि त्या वस्तीत शाळाही असते.

मुलांनाच जास्त त्रास का?

मूल मोठ्या माणसापेक्षा जलद श्वास घेते. वजनाच्या मानाने त्याच्या छातीत जास्त हवा जाते, आणि मैदानात धावताना तर आणखी जास्त. शिवाय फुप्फुसांची वाढ साधारण विशीपर्यंत चालू असते. वाढीच्या वयात फुप्फुस कमी वाढले, तर ती उणीव पुढे भरून निघणे कठीण.

डोळ्यांना दिसणारी काळी राख नाकात, घशात अडकते. खरा घात न दिसणारे बारीक कण करतात. ते केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड वायू श्वासनळी आवळतो. दम्याच्या मुलाला त्याचा त्रास लगेच जाणवतो.

एक कारखाना बंद पडला तेव्हा

अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना होता. १९८६च्या ऑगस्टमध्ये तो बंद पडला आणि १३ महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. तिथले संशोधक आर्डेन पोप यांनी दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यात श्वासाच्या आजाराने दाखल झालेली मुले, बंद असलेल्या हिवाळ्याच्या तुलनेत दुपटी-तिपटीने जास्त होती. पुढे पोप आणि त्यांच्या सहकाऱ्याने शाळांचे हजेरीपट तपासले. हवेतले धूलिकण वाढले की शाळेतली गैरहजेरी वाढत होती, आणि तो परिणाम काही आठवडे टिकत होता.

यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. घरात आपण ‘आजारी’ म्हणतो, शाळा ‘गैरहजर’ लिहिते आणि दवाखाना ‘खोकला’ लिहितो. तिन्ही गोष्टी कोणी एकत्र ठेवून पाहत नाही. मधल्या मधे मुलाचा गणिताचा धडा बुडतो, मग परीक्षा बुडते. शिक्षणाच्या बळावर पुढे आलेल्या समाजाला हे नुकसान परवडणारे नाही.

शाळेत काय करता येईल?

१. थंडीच्या पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून हिवाळ्यात पी.टी. आणि खेळाचा तास सकाळी सातला न घेता दुपारकडे घ्यावा.

२. वर्ग कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडावे किंवा ओल्या फडक्याने पुसावे. शाळेच्या आवारात कचरा, पालापाचोळा जाळू नये.

३. दम्याच्या मुलाचा पंप दप्तरात असावा आणि वर्गशिक्षकांना त्याची माहिती असावी. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. औषध थेट छातीत जाते, म्हणून ते थोडेच लागते.

४. रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. कॉलेजच्या मुलामुलींनी फार धूर असलेल्या दिवशी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

घरात काय करावे?

दिवसभर धूर घेतलेल्या छातीला रात्री तरी विश्रांती हवी. चूल असेल तर ती बाहेर किंवा खिडकीजवळ मांडावी. घरात विडी-सिगारेट नको. वंदनेच्या वेळी लहान खोलीत दार-खिडकी उघडी ठेवावी. घरात दम्याचे मूल असेल तर अगरबत्ती लावू नये, फुले वाहिली तरी पुरे.

श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

वही ठेवा, समितीत बसा

मास्क आणि ओला फडका हे तात्पुरते उपाय आहेत. धूर थांबवायचा तो चिमणीपाशीच. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो आपण जमवू शकतो. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक वही ठेवावी. तारीख, धुराचा किंवा राखेचा त्रास किती, वाऱ्याची दिशा, खोकल्यामुळे किती मुले घरी राहिली, एवढेच लिहावे. जवळ मोजणी केंद्र असेल तर त्या दिवसाचा हवेचा आकडा मोबाइलवरच्या समीर ॲपमधून टिपावा. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे बारीक कणांची २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा १५ सांगितली आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आपल्या आयाबहिणींनी त्या समितीत जावे, वही पुढे ठेवावी आणि ठराव करून तो प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावा. माहितीच्या अधिकारात त्या कारखान्याच्या धुराच्या मोजणीचे अहवालही मागता येतात.

तोंडी तक्रार साहेब विसरतात. तारीखवार लिहिलेली आणि शंभर पालकांनी सही केलेली वही बाजूला सारणे कठीण जाते. या हिवाळ्यात आपापल्या शाळेपासून सुरुवात करूया.