साठवण-व्हॉल्यूम काढताना क्रमाचे महत्त्व

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. वेतनपत्रकांचे यंत्र व आवक-जावक नोंदींचे यंत्र शेजारी-शेजारी नांदतात. त्यांच्या फायली ज्या सामाईक साठ्यात असतात, त्यास डेटास्टोअर म्हणतात. तो उभारताना घेतली जाणारी दक्षता तो काढताना क्वचितच आढळते.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीचे उदाहरण घेऊ. साठवण-यंत्रणेतून व्हॉल्यूम परस्पर काढून घेतला, तर तो कायमचा गेला की वाट तात्पुरती तुटली, हे सर्व्हरला उमगत नाही. तो पुनःपुन्हा विचारणा करीत राहतो. व्यवस्थापन-सेवा अडकून पडते आणि त्या व्हॉल्यूमशी संबंध नसलेल्या यंत्रांवरील नियंत्रणही सुटू शकते. २०१२ च्या ५.१ आवृत्तीपासून सर्व्हर स्वतःची विचारणा १४० सेकंदांनी आवरती घेतो. आभासी यंत्रांची मागणी मात्र त्यानंतरही चालूच राहते.

म्हणून प्रथम व्हॉल्यूम रिकामा करावा. बंद यंत्रे, टेम्प्लेट व आयएसओ फायली हमखास विसरल्या जातात. हाय अव्हेलेबिलिटी व्यवस्थेने तो हार्टबीटसाठी निवडलेला नाही ना, हेही पाहावे. नंतर प्रत्येक सर्व्हरवर अनमाउंट, मग प्रत्येक सर्व्हरवर डिटॅच, आणि त्यानंतरच साठवण-यंत्रणेतील जोडणी रद्द करून रीस्कॅन. अनमाउंटने मजकूर पुसला जात नाही, डिलीटने जातो. या दोन्ही आज्ञा एकाच सूचीत असतात!

व्हॉल्यूमची ओळख नावावरून पटवू नये. बहुधा ‘एनएए’ने आरंभ होणारा त्याचा क्रमांक साठवण-विभागास लेखी कळवावा.