कच्चे किती, शिजलेले किती?

खडकीला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून पोटासाठी आलेली माणसे तेथे शिकतात. कोणी कारखान्यात आहे, कोणी बाजारात भाजी विकते, कोणी चार घरची धुणीभांडी करते. पाटी-पेन्सिल बाजूला ठेवली की गप्पा निघतात. गप्पा बहुधा खाण्यापिण्याच्या असतात.

एके दिवशी एका बाईंनी विचारले, "गुरुजी, चूल न पेटवता कच्चंच खाल्लं तर सगळे रोग जातात म्हणे. खरं का हो?"

आम्ही म्हटले, "आपण करूनच पाहू. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ठरले. पंधरा दिवस रात्रीचे जेवण कच्चे. काकडी, गाजर, मुळा, भिजवलेले शेंगदाणे, मोडाची मटकी. पहिले चार दिवस मजेत गेले. रॉकेल नाही, गॅस नाही, भांडी थोडी. आम्ही खुशीत होतो.

पाचव्या दिवशी चूक झाली. दिवस मे महिन्याचे. मटकी दोन दिवस ओल्या फडक्यात तशीच राहिली होती. हाताला बुळबुळीत लागली. आंबूस वासही आला. आम्ही म्हटले, "लिंबू पिळलं की वास जाईल." सर्वांनी खाल्ली. त्या बाईंनी आपला वाटा घरी नेला, आणि पाच वर्षांच्या मुलाला दिला.

रात्री आमच्या पोटात कळा आल्या. सकाळी त्या बाई दारात उभ्या. म्हणाल्या, "माझं पोर रात्रभर जुलाबानं गळालंय. डोळे खोल गेलेत."

पोराला लगेच दवाखान्यात नेले. मीठ-साखरेचे पाणी सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पोर हसू लागले. चूक मटकीची नव्हती, आमची होती. वास आला तेव्हाच ती फेकायला हवी होती.

त्या बाईंनी आम्हाला बोल लावला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मग आता कच्चं खायचंच नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

आपले जुने कच्चे खाणे

कच्चे खाणे आपल्याला नवे नाही. शेतात बसून आपण भाकरीबरोबर कांदा बुक्कीने फोडतो. कोवळ्या मेथीचा घोळाणा करतो. पाथरीची पाने तशीच खातो. ओला हरभरा सोलून तोंडात टाकतो. चैत्रात हळदीकुंकवाला कैरी घालून वाटलेली डाळ करतात. ती हरभऱ्याची डाळ भिजवलेली असते, शिजवलेली नसते. गोकुळाष्टमीचा काला, कोकणातले दडपे पोहे, रोजची कोशिंबीर, हे सारे चुलीवाचून होते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या वाडवडिलांनी कच्चे खाल्ले ते भाकरीच्या जोडीला. भाकरीच्या जागी नव्हे. ताटात डावीकडे कोशिंबीर, चटणी, लिंबू. मधोमध भाकरी किंवा भात, आणि उजवीकडे भाजी. हे ताट उगीच लावलेले नाही.

गांधीजींनी करून पाहिले

निव्वळ कच्चे खाऊन राहण्याचा प्रयोग महात्मा गांधींनीही केला होता. पहिल्यांदा १८९३ साली, दक्षिण आफ्रिकेत. तो थोड्याच दिवसांत सोडावा लागला. पुढे १९२९ साली त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. साबरमतीच्या आश्रमातली काही मंडळी त्यांच्याबरोबर होती.

गांधीजी सर्व मोजून खात. मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, कुटलेला पाला ८ तोळे. शिवाय लिंबे आणि मध. ८ तोळे म्हणजे आजच्या मापाने सुमारे ९३ ग्रॅम. आठवड्यातून दोन-तीन वेळा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, आणि तेव्हा बदामाऐवजी नारळाचे दूध.

काही महिने गेले. मग ऑगस्टमध्ये गांधीजींना आव झाली. अंगात शक्ती राहिली नाही. प्रयोग थांबवावा लागला आणि शेळीचे दूध पुन्हा सुरू झाले. त्यांनी हे लपवले नाही. प्रयोग फसला हे आपल्या पत्रात छापून लोकांना सांगितले.

आता पुढची गोष्ट खडकीच्या शेजारची आहे. खडकीहून होळकर पूल ओलांडला की येरवड्याची बाजू लागते. तेथून पुढे नगर रस्त्यावर आगाखान पॅलेस आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मेपर्यंत इंग्रज सरकारने गांधीजींना तेथे कैदेत ठेवले होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तेथेच वारले. त्याच कैदेत, १९४२ साली, गांधीजींनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले.

त्या पुस्तकात बैठे काम करणाऱ्या माणसाने दिवसाला काय खावे याचे माप आहे. दूध २ पौंड. धान्य ६ औंस. पालेभाजी ३ औंस. इतर भाज्या ५ औंस. आणि कच्ची भाजी? फक्त १ औंस. म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. आपल्या भाषेत, अर्धे लहान गाजर किंवा मूठभर पाला.

पाहा बरे! ज्याने सारेच कच्चे खाऊन पाहिले, तो शेवटी एका औंसावर आला. त्याने कच्चे सोडले नाही, आणि शिजलेलेही सोडले नाही. अती तेथे माती, हे त्याने स्वतःच्या पोटावर पाहिले.

१९४६ साली गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो आजही चालू आहे.

चूल काय करते?

चूल दोन कामे करते. एक चांगले, आणि एक थोडे वाईट.

चांगले काम असे. विस्तवाने जंतू मरतात. धान्य मऊ होते, फुगते, आणि मग ते पोटात नीट पचते. ज्वारीचे कच्चे पीठ खाऊन पाहा. पोट दुखेल. त्याच पिठाची भाकरी खा. अंगी लागेल. गाजरात डोळ्यांना लागणारे सत्त्व असते. ते तर थोड्या तेलातुपात शिजवल्यावर जास्त मिळते.

वाईट काम असे. लिंबू, आवळा, कोथिंबीर, कोबी यांत 'क' जीवनसत्त्व असते. ते हिरड्या बळकट ठेवते. भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायलाही मदत करते. हे सत्त्व फार वेळ शिजवल्याने नासते. भाजी उकडून पाणी फेकले, तर पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून थोडे कच्चे हवेच.

ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्या बायाबापड्यांनी जेवताना भाजी-भाकरीवर लिंबाची फोड पिळावी. खर्च थोडा, गुण मोठा.

आधी पाणी, मग भाजी

कच्च्या खाण्यात खरा धोका भाजीचा नाही. घाण पाण्याचा आणि घाण हाताचा आहे. गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या पाल्यावर जंतू असतात. जंतांची बारीक अंडीही असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. पोर्क टेपवर्म नावाच्या जंताची अंडी पोटात गेली, तर तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. मग फिट्स येतात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस नावाच्या आजाराचे बरेच रुग्ण सापडले. या आजारात हातापायांतली शक्ती जाते. तपासात काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू मिळाला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. तेव्हा सरकारने लोकांना सांगितले, पाणी उकळून प्या, उघड्यावरचे आणि न शिजवलेले खाऊ नका. यावरून धडा घ्या. गावात साथ असेल, पाण्याला वास येत असेल, पूर येऊन गेला असेल, तेव्हा कच्चे खाणे बंद.

एरवी हे नियम पाळा :

१. हात साबणाने धुवा. नखे कापलेली असू द्या.
२. पाल्याचे एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या पाण्याने करा. मिठाच्या पाण्याने अळ्या सुटतात, पण जंतू मरत नाहीत.
३. गाजर, मुळा, काकडी धुऊन मग साल काढा.
४. मांस-मासळी कापलेली सुरी किंवा विळी कच्च्या भाजीला लावू नका.
५. कापून ठेवू नका. कापले की लगेच खा.
६. वास आला, बुळबुळीत लागले, की टाकून द्या. पैशाकडे पाहू नका. दवाखान्याला जास्त पैसे लागतात.

नवशिक्याने काय करावे?

एका दिवसात ताट बदलू नका. पहिल्या आठवड्यात रोज दोन चमचे कोशिंबीर. पोटाला मानवली तर दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी. पुढे एक वाटी पुरे. तीन सोपे पदार्थ देतो.

*गाजर-काकडीची कोशिंबीर :* एक गाजर किसा. एक काकडी चोचवा. काकडी आधी चाखा, कडू असली तर टाका. वर दोन चमचे दाण्याचे कूट, कोथिंबीर, मीठ आणि लिंबू घाला. दही असल्यास दोन चमचे घाला. मीठ अगदी जेवायला बसताना घाला, नाही तर पाणी सुटते.

*दडपे पोहे :* पातळ पोहे दोन वाट्या. खवलेला ओला नारळ अर्धी वाटी. बारीक चिरलेला कांदा एक. मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. सर्व हाताने कालवा. नारळाच्या पाण्याचा हबका मारा. ताटलीखाली पंधरा मिनिटे दडपून ठेवा. पोहे मऊ होतात.

*मोडाचे मूग :* मूग निवडून धुवा. रात्री उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा. सकाळी पाणी काढून स्वच्छ फडक्यात बांधा. दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने खळबळा. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात. मोड बोटाच्या पेराएवढे होण्याची वाट पाहू नका. मोड येताना जंतूही वाढतात, म्हणून पाच मिनिटे वाफ देऊन खाणे बरे. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे आणि आजारी माणसे यांना तर वाफवल्याशिवाय देऊच नका.

हे कच्चे कधीही खाऊ नका

राजमा आणि घेवड्याचे दाणे कच्चे खाल्ले तर उलट्या-जुलाब होतात. ते रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि चांगले उकळून शिजवा. हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा खाऊ नका. न तापवलेले दूध, कच्चे अंडे, कच्चे मांस नको. रानातला अनोळखी पाला तोंडात घालू नका.

आणि एक मोठी गोष्ट. कच्चे खाऊन सर्व रोग जातात, हे खरे नाही. कोणाला साखरेचा आजार असेल, रक्तदाब असेल, तर कोशिंबीर जरूर खावी, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नये. गोळी घेऊन जेवण सोडले, तर साखर एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो.

जुलाब झालेच तर

एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवा. घोट घोट देत राहा. मीठ जास्त घालू नका. अंगावरचे दूध चालू ठेवा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचात रक्त पडले, किंवा पोर मलूल झाले, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

शेवटी

त्या बाईंचे पोर आता शाळेत जाते. बाईंच्या ताटात रोज भाकरी, भाजी आणि थोडी कोशिंबीर असते. मोड त्या वाफवूनच देतात. परवा वर्गात एक नवीन बाई आल्या. त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला. आम्ही बोलण्याआधीच या बाई म्हणाल्या, "कच्चं खा गं. पण धुऊन खा, थोडं खा, अन् भाकरी सोडू नगंस."

आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहिले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

प्रश्न

१. १९४२ च्या पुस्तकात गांधीजींनी कच्च्या भाजीचे माप किती सांगितले?
२. मटकी कशी बिघडली? आम्ही काय करायला हवे होते?
३. कच्चे खाणे कधी बंद ठेवावे?
४. कच्ची खाऊ नयेत अशी चार नावे लिहा.

घरी करा

आज घरी कोशिंबीर करा. तिच्यात काय काय घातले ते वहीत लिहा, आणि शेजारणीला वाचून दाखवा.